सासूबाईंचे गुडघे, चार वर्षांचा मुलगा आणि एका दिवसाचं माथेरान

घाटकोपरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, रविवारी, घरच्या सात जणांना माथेरानला जाऊन त्याच दिवशी परत यायचं आहे. सासरे 73 वर्षांचे, सासूबाई 68 च्या आणि त्यांना गुडघेदुखी. मुलगी दहा वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. शिवाय ताई, त्यांचे यजमान आणि नणंद. बेत असा, की सकाळी आठची लोकल धरायची, नेरळहून मिनी ट्रेनने वर जायचं, आठ-दहा पॉइंट बघायचे, सूर्यास्त बघून उतरायचं आणि रात्री दहापर्यंत घरी. पत्राच्या अगदी शेवटी त्यांनी लिहिलंय, "सासूबाई म्हणतात, तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते. त्यांना न्यावं का?"

ताई, हे शेवटचं वाक्यच तुमचा खरा प्रश्न आहे. मी गेली एकवीस वर्षं मुंबईतल्या कुटुंबांच्या एक दिवसाच्या सहली काढते. सुरुवात आमच्या चाळीतल्या बायकांच्या भिशीपासून झाली, पुढे ज्येष्ठ नागरिक संघ आले, मग घरच्याच माणसांनी मिळून जाणारी कुटुंबं. "तुम्ही जाऊन या" हे वाक्य मी इतक्या सासवांच्या, आयांच्या तोंडून ऐकलंय की आता त्याचा अर्थ लगेच कळतो. त्यांना यायचं असतं, फक्त आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल याची धास्ती असते. आणि तुम्ही लिहिलेला बेत पाहिला तर त्यांची धास्ती अगदी बरोबर आहे. त्या बेतात त्यांचा खोळंबा होणार, पण चार वर्षांच्या मुलाचाही होणार, आणि संध्याकाळी सहापर्यंत तुमचाही होणार.

तेव्हा उत्तर आधी सांगते. हो, एका दिवसात होतं आणि सासूबाईंना जरूर न्या. फक्त बेत त्यांच्या पायांनी मोजून आखायचा. आठ पॉइंट नाहीत, दोन. सूर्यास्त नाही. मिनी ट्रेन पूर्ण नाही, शेवटचा तुकडा. आणि आठची लोकल नाही, सहाच्या आसपासची.

आता यातलं काय तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे ते बोलू, कारण गुडघेदुखी म्हणजे नेमकी किती, हे मला इथे बसून कळणार नाही. जायच्या दहा-बारा दिवस आधी एका संध्याकाळी सासूबाईंना घेऊन चाळीस मिनिटं चाला. सपाट रस्त्यावर, त्यांच्या वेगाने, मध्ये दोनदा बसून. त्याच दिवशी रेल्वेच्या पुलाचा एक जिना चढा-उतरा. त्या संध्याकाळी त्या "काही नाही गं" म्हणतील, त्यावर जाऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना काय होतं ते बघा. रोजच्यासारख्या उठल्या तर माथेरान होईल. पाय धरून बसल्या तर यंदा माथेरान नको, गाडी करून खंडाळ्याला जा. तिथे राजमाची पॉइंट रस्त्याला लागूनच आहे, गाडीतून उतरलं की दरी समोर. माथेरानला ती सोय नाही, आणि माथेरानचं सगळं गणित या एकाच गोष्टीवर उभं आहे.

गावात मोटार जात नाही. माथेरान 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहे, पण मोटारींना मनाई त्याच्याही आधीपासूनची. खासगी गाडी असो की टॅक्सी, ती दस्तुरी नाक्यावर थांबते. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. तरुण माणसाला हे पाऊण तासाचं अंतर आहे, तुमच्या घरच्या जत्थ्याला सव्वा तास धरा. हे अंतर पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या हिशेबात नसतंच. ते पॉइंटांची यादी करतात आणि या जाण्या-येण्यातच सासूबाईंचे पाय संपतात, मग वर पोहोचून त्या एका बाकावर बसून राहतात. पॉइंट त्यांनी पाहिलेलेच नसतात. म्हणून माझा सगळा खटाटोप असतो तो दस्तुरी ते बाजार हा टप्पा त्यांच्या पायांवर न पडू देण्याचा.

त्याला आज तीन मार्ग आहेत: शटल गाडी, ई-रिक्षा आणि घोडा. चौथी हातरिक्षा, पण ती बंद होत आलेली.

मी शटल निवडते. दस्तुरीच्या गेटातून आत शिरलं की पाच-दहा मिनिटांच्या चालीवर अमन लॉज स्टेशन आहे. तिथून माथेरान स्टेशनपर्यंत छोटी गाडी ये-जा करते, वीसेक मिनिटांत बाजाराच्या तोंडाशी सोडते. दस्तुरीला उतरल्या उतरल्या तुमच्याभोवती माणसं गोळा होतील. कुणी सांगेल गाडी बंद आहे, कुणी सांगेल स्टेशन खूप लांब आहे, म्हातारी माणसं आहेत, घोडा घ्याच. ऐकून घ्या, नमस्कार करा आणि स्वतः तिकीट खिडकीपर्यंत जाऊन विचारा. घोडेवाल्यांबद्दल मला राग नाही, गावातली कितीतरी घरं त्या धंद्यावर चालतात आणि बहुतेक जण सरळ असतात. पण निर्णय तुम्ही खिडकीवर पोहोचल्यावर घ्यायचा, गेटवर नाही. यजमानांना पुढे पाठवा, ते तिकिटं काढतील, तुम्ही सासूबाईंबरोबर सावकाश या.

ई-रिक्षा 2022 च्या डिसेंबरात प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या. म्हाताऱ्या माणसांसाठी त्या फार सोयीच्या आहेत. पण गाड्या थोड्या, आणि त्यांच्यावर गावातल्या शाळकरी मुलांचा आणि वृद्धांचा हक्क आधी आहे. रांग लहान दिसली तर सासू-सासऱ्यांना आणि छोट्याला त्यात बसवा, तुम्ही चालत या. रविवारी मात्र त्यांच्या भरवशावर बेत आखू नका. हातरिक्षाचा विचार सोडूनच द्या. माणसाने माणसाला चढावर ओढत न्यायचं हे मला कधीच पाहवलं नाही, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. त्या ओढणाऱ्या माणसांनाच ई-रिक्षा मिळाव्यात ही गावातली जुनी मागणी आहे आणि ती मला मनापासून पटते.

घोड्याबद्दल स्पष्ट सांगते. सासूबाईंना घोड्यावर बसवू नका. बसताना पाय उचलून फाकवावा लागतो, उतरताना सगळं वजन एका गुडघ्यावर येतं, आणि चालताना मांड्या आवळून धराव्या लागतात. दुखरा गुडघा चालण्यापेक्षा त्याने जास्त बिघडतो. चार वर्षांच्या मुलालाही नको, एकट्याला तर नाहीच. मुलीला हौस असेल तर तिला एक छोटी फेरी करू द्या, दरपत्रक लावलेलं असतं ते वाचून, शिरस्त्राण मागून घेऊन, आणि घोडेवाले दादा लगाम हातात धरून चालतील या अटीवर.

आता मिनी ट्रेन. तुमच्या मुलांनी तिचे फोटो बघितले असणार आणि नेरळपासून त्यातच बसायचा हट्ट असणार. ती गाडी आहेच तशी. मुंबईच्या आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःचे पैसे घालून बांधलेली, 1904 ला काम सुरू झालं आणि 1907 च्या मार्चमध्ये गाडी धावली. नेरळ ते माथेरान सुमारे 21 किलोमीटर, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं घेत. पण त्याला दोन तासांहून जास्त लागतात. डिसेंबर अखेरीस सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि सहा वाजून पाच-दहा मिनिटांनी मावळतो, म्हणजे उजेडाचे तास अकरा. त्यातले अडीच चढण्यात आणि परत त्याच गाडीने उतरलात तर आणखी अडीच गेले, तर वर राहिलं काय? डबे लहान, बाकं अरुंद, पाय लांब करायला जागा नाही. दोन तास गुडघे मुडपून बसल्यावर सासूबाई स्टेशनवर उभ्या राहतील तेव्हाच दिवस संपलेला असेल. शिवाय फेऱ्या मोजक्या, तिकिटं खिडकीवर, आणि नाताळच्या सुट्टीत त्या खिडकीपुढे पहाटेपासून माणसं.

शटल त्याच रुळांवरून जाते. तीच गाडी, तीच झाडी, फक्त वीस मिनिटं. माझ्याबरोबर एकदा परळहून एक कुटुंब आलं होतं, त्यांची नात साधारण तुमच्या मुलीएवढी. अमन लॉजला गाडी यायला अवकाश होता. आजोबा तिला सांगत होते की ही गाडी आपल्या लोकलपेक्षा किती लहान आहे बघ. त्या पोरीने दप्तरातून कंपासपेटीतली नव्हे, वहीत ठेवलेली तीस सेंटिमीटरची लांब पट्टी काढली. स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांना विचारून, आजोबांचा हात धरून ती रुळांपाशी बसली आणि एका रुळाच्या आतल्या कडेपासून पट्टी ठेवली. एक पट्टी, मग बोट टेकवून दुसरी, आणि पलीकडच्या रुळाशी फक्त नखाएवढी जागा उरली. "आजोबा, दोनच पट्ट्या!" दोन फुटांचा रूळ. उठली तेव्हा फ्रॉकच्या मागे लाल मातीचा शिक्का उमटला होता. मुलीला तशी पट्टी घेऊन द्या बरोबर.

मुलांचा हट्ट अगदीच सुटला नाही तर मग उलट करा: मिनी ट्रेन हीच सहल समजा. वर जा, जेवा, बाजारात फिरा, उतरा. पॉइंट एकही नाही. तीही चांगली सहल होते. दोन्ही एकात बसवायला गेलं की फसतं.

लोकलचं बघू. कर्जत किंवा खोपोली गाडी, दोन्ही नेरळला थांबतात. घाटकोपरहून सवा-दीड तास. सहाच्या सुमारास निघालात तर साडेसात-पावणेआठला नेरळ. बदलापूर सोडलं की गाडीत गारवा जाणवायला लागतो, वांगणी-शेलूच्या शेतांवर धुकं बसलेलं असतं. छोट्याला खिडकीत बसवा पण कानटोपी घालून. रविवारचा मेगाब्लॉक शनिवारी तपासा. मुख्य मार्गावरचा ब्लॉक सहसा दुपारच्या तासांत असतो, त्यामुळे या वेळापत्रकात तुम्ही जाताना त्याच्या आधी आणि येताना त्याच्या नंतर असता. पण कर्जतच्या बाजूला कधी वेगळा ब्लॉक घेतात, तो बघायलाच हवा.

नेरळ स्टेशनबाहेर दस्तुरीच्या टॅक्सी मिळतात. सात जण एका लहान गाडीत कोंबू नका, दोन गाड्या घ्या. घाट सात-आठ किलोमीटरचा असला तरी उभा आहे आणि वळणं अगदी आवळलेली. वर माथेरान 800 मीटर उंचीवर, आणि तेवढी चढण वीस-पंचवीस मिनिटांत. मुलांना मळमळतं ते इथेच. निघताना दूध पाजू नका. नेरळला कोरडं बिस्किट किंवा अर्धी पोळी, लहान्याला पुढच्या सीटवर कुणाच्या तरी मांडीवर न बसवता मागे खिडकीजवळ, आणि जिभेवर आवळा. स्वतःची गाडी असेल आणि ती न्यावीशी वाटत असेल तर सोमवार ते गुरुवार जरूर न्या, सासूबाईंना लोकलच्या पुलाचे जिने टळतील. नाताळच्या रविवारी नको. पार्किंग भरलं की गाड्यांची रांग घाटात लागते, आणि त्या रांगेत चढावर क्लच-ब्रेक खेळत बसण्यात अख्खी सकाळ गेलेली मी पाहिली आहे.

दस्तुरीला नगरपालिकेचा प्रवासी कर भरायचा असतो. सुटे पैसे आणि एकूणच रोख रक्कम जवळ असू द्या, वर मोबाइलला कधी रेंज असते कधी नसते. आणि इथेच स्वच्छतागृहाला जाऊन घ्या, सगळ्यांनी, इच्छा असो नसो. पुढे बाजारात सोय आहे, पॉइंटांवर धरून चालू नका. वयस्क बायका या एका काळजीपोटी सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी डोकं दुखायला लागतं. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा की कुठे कुठे सोय आहे, म्हणजे त्या निर्धास्त पाणी पितील.

साडेनऊच्या आसपास तुम्ही बाजारात असाल. चहा घ्या आणि इथून पुढचे साडेपाच-सहा तास कसे घालवायचे ते ऐका.

पॅनोरमा पॉइंटचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तो पार उत्तर टोकाला, बाजारापासून लांब. सोडा. वन ट्री हिल, चौक पॉइंट दक्षिणेला. तेही सोडा. तुम्हा सगळ्यांना मिळून जायची जागा म्हणजे शार्लोट तलाव. वाट झाडीतून जाते, डोक्यावर जांभूळ आणि अंजनाची दाट सावली, सकाळी दहालाही ऊन अंगावर येत नाही. तलावाजवळच पिसारनाथाचं देऊळ आहे, माथेरानचं ग्रामदैवत. सासूबाईंना मी ओळखत नाही, पण एवढं सांगते की "तलाव बघायला चला" म्हटलं तर त्या मागे राहतील आणि "पिसारनाथाला जाऊन येऊ" म्हटलं तर पुढे चालतील. जाताना उतार लागतो, तो गुडघ्यांना चढापेक्षा जास्त त्रास देतो, म्हणून घाई नको. लाल मातीचा बारीक थर सुकलेल्या वाटेवर भुकटीसारखा पसरलेला असतो, त्यावरून गुळगुळीत तळव्याची चप्पल सरकते. बूट हवेत, आणि काठी असेल तर तिच्या टोकाला रबर हवं. टोकाचं रबर झिजलेलं असलं तर मुंबईतच बदला, औषधाच्या दुकानात मिळतं.

देवळापाशी आणि तलावाच्या काठी सासू-सासऱ्यांनी निवांत बसावं. नणंदेला किंवा यजमानांना त्यांच्याजवळ थांबू द्या, आणि उरलेल्यांनी मुलांना घेऊन जवळच्याच एको पॉइंटला किंवा लॉर्ड पॉइंटला जाऊन यावं. मग पाळी बदला. कुटुंबाने सगळा दिवस एकत्रच हिंडलं पाहिजे असं काही नसतं. सगळे एका जागी असतात तेव्हा खरं तर कुणीच आपल्या वेगाने चालत नसतं.

हिवाळ्यात काय दिसेल याचीही कल्पना असू द्या. पावसाळ्यातले फोटो बघून जाऊ नका. धबधबे नाहीत, डोंगर पिवळे, झाडांच्या पानांवर लाल धूळ. सकाळी खालच्या दरीत धुरकट पडदा असतो, तो ऊन चढलं की थोडा विरतो. पण पश्चिमेला प्रबळगड आणि त्याच्या टोकाशी कलावंतिणीचा सुळका ओळखता येतो. सासऱ्यांना किल्ल्यांची आवड असेल तर तेवढ्यावर त्यांचा अर्धा तास जाईल. थंडीही तुम्ही समजता तशी नसते. पहाटे आणि संध्याकाळी गार, अकरानंतर चालताना घाम. जाड कोट नको, पातळ स्वेटर आणि शाल, म्हणजे काढून पिशवीत टाकता येतं.

जेवण बाराला. साडेबारा नाही, बारा. एक वाजता बाजारातल्या प्रत्येक खाणावळीपुढे रांग असते आणि भुकेलं मूल रांगेत उभं राहत नाही. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिळाच्या वड्या असू द्या, पण पाठीवरच्या चेन लावलेल्या पिशवीत. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज माकडांना ओळखीचा झालाय. एका काकूंच्या हातातून पिशवी ओढली गेली तेव्हा त्यांनी ती घट्ट धरून ठेवली आणि हिसक्यात त्या पडल्या. पिशवी ओढली तर सोडून द्या, मुलांनाही हे आधी सांगा. आणि माकडांना खायला घालू नका, कुणी कितीही घालत असलं तरी.

जेवून एक तास विश्रांती. पेमास्टर पार्कमध्ये बाकं आहेत, लहान्याला झोप येत असेल तर तिथे शालीवर झोपू द्या. मुलीला तेवढ्यात बाजारात फिरवा. चिक्की आणि चपला सगळेच घेतात, पण तिला वीर भाई कोतवालांचं स्मारक जरूर दाखवा. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल याच गावात 1912 मध्ये जन्मले, वकील झाले, 1942 च्या लढ्यात भूमिगत झाले आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळीने गेले. तिसाव्या वर्षी. तुम्ही जाणार त्या आठवड्यानंतर लगेच त्यांचा हुतात्मा दिन येतो. पोरीला नेरळ-कर्जतच्या डोंगरांकडे बोट दाखवून सांगता येईल की हे सगळं त्या माणसाचं कार्यक्षेत्र होतं.

सासूबाईंची तब्येत ठीक असेल तर दोननंतर माथेरानातलाच खंडाळा पॉइंट करा, बाजारापासून लांब नाही. थकल्या असतील तर बसू द्या. तुमचा दुसरा पॉइंट तो.

आणि साडेतीन वाजता, जिथे असाल तिथून, परत फिरायचं. हे मी फार आग्रहाने सांगते आहे, कारण सूर्यास्त सोडा म्हटलं की सगळ्यांचे चेहरे उतरतात. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याही गटाचे उतरले होते. बावीस जण होतो, त्यात सहा आजी-आजोबा. पॉर्क्युपाइन पॉइंटचा सूर्यास्त बघूनच जाऊ असं सगळ्यांचं म्हणणं पडलं आणि मी हो म्हटलं. ती माझी चूक होती. सूर्य प्रबळगडामागे गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पंधरा मिनिटांत झाडीत डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. उघड्यावर संधिप्रकाश रेंगाळतो, त्या दाट झाडाखाली नाही. वाटेवर मुळं वर आलेली. एक आजी दोनदा ठेचकाळल्या, मग एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला इथेच ठेव, सकाळी घेऊन जा." त्या हसून म्हणाल्या होत्या, पण त्यांचा हात हातात घेतला तेव्हा तो थरथरत होता. बाजारात पोहोचलो तोवर शटल संपली होती. दस्तुरीपर्यंत मोबाइलच्या उजेडात दोन तास. खांद्यावर झोपलेली मुलं. शेवटची लोकल मिळाली, पण त्या आजी पुन्हा कधी कुठल्या सहलीला आल्या नाहीत. मी दोनदा घरी जाऊन बोलावलं. तेव्हापासून दिवसाच्या सहलीत सूर्यास्त मी कुणाच्याही आग्रहाला बळी पडून धरत नाही. ज्यांना तो बघायचाय त्यांनी एक रात्र राहावं, तेही सुंदरच असतं.

साडेतीनला निघालात की परतीच्या शटलच्या रांगेत तुम्ही गर्दीच्या आधी असता. साडेचार-पाचला दस्तुरी, साडेपाचच्या आत नेरळ. इथे एक शेवटची गोष्ट, जी तुमच्या सासूबाईंसाठी सगळ्यात मोलाची आहे. हिवाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी मुंबईकडे येणारी लोकल कर्जतहूनच भरून येते, राजमाचीचे, पेठचे, भीमाशंकरचे ट्रेकर सगळे तीत असतात. नेरळला चढायला मिळतं, बसायला नाही. म्हणून नेरळहून उलट्या दिशेची गाडी धरा, भिवपुरी रोड आणि मग कर्जत, दोनच स्टेशनं. कर्जतला रिकामी गाडी लागते, तिच्यात बसा. त्यासाठी नेरळ ते कर्जतचं तिकीट वेगळं काढा आणि पुढे कर्जत ते घाटकोपरचं. अर्धा-पाऊण तास जास्त जातो, पण सगळे बसून येता. तरी साडेसात-आठपर्यंत घरी.

तारीख बदलता येत असेल तर अजून एक विनंती. नाताळ ते 1 जानेवारी हा वर्षातला सगळ्यात गर्दीचा आठवडा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, यजमानांना एखाद्या मंगळवारी-बुधवारी रजा मिळाली आणि मुलीची एक दिवसाची शाळा बुडली तरी चालवून घ्या. थंडी तेव्हा जास्त छान, शटलला रांग नाही, ई-रिक्षा मिळायची शक्यता बरीच, आणि वाटेवर तुमच्याच पावलांचा आवाज. रजा मिळत नसेल तर रविवारही होईल, वर सांगितलेल्या वेळा पाळल्या तर.

सासूबाईंना "याल का?" असं विचारू नका, त्या पुन्हा नाहीच म्हणतील. त्यांना सांगा की शटलने वर जायचंय, पिसारनाथाचं दर्शन घ्यायचंय, बाराला जेवायचंय आणि कर्जतहून बसून घरी यायचंय. मग तिळाच्या वड्या किती करायच्या ते त्यांनाच ठरवू द्या.